सवडीचे सोबती : थांबून राहणारा खेळ

आपल्याकडे खेळाला घरांत मान नव्हता असें जे म्हणतात, त्यांनीं आजीच्या फडताळाचा तळचा खण कधीं उघडून पाहिला नसावा. कापडी सारीपाट, लाकडी सोंगट्या, कवड्यांची पिशवी, आणि एक हत्ती हरवल्यामुळें त्याच्या जागीं बाटलीचें बूच उभें असलेला बुद्धिबळाचा संच, यांपैकीं कांहींना कांहीं बहुतेक जुन्या घरांत निघतेंच. कोजागिरीच्या रात्रीं जागरण करून फांसे खेळण्याचा आचार तर व्रतांतच सांगितलेला आहे. खेळाला वेळेची मर्यादा असावी आणि तो चार माणसांत बसून खेळला जावा, एवढाच वडीलधाऱ्यांचा आग्रह असे. धर्मराजाच्या द्यूताची कथा घरोघर सांगितली जाते, तिचा हेतूहि हाच आहे. पटावरून उठावें केव्हां हें ज्याला कळत नाहीं त्याचें काय होतें, तें मुलांनीं लहानपणींच ऐकून ठेवावें.

या सदरांत आम्ही आजवर पुस्तकें, बैठे खेळ, बागकाम, संगीत इत्यादि सोबत्यांविषयीं लिहीत आलों आहों. संगणकावरील खेळांविषयींहि लिहावें अशी सूचना कांहीं वाचकांकडून, विशेषतः वाचक-भगिनींकडून आली. आणि त्या सूचनेंत कुतूहलापेक्षां काळजीच अधिक होती. ही काळजी निराधार नाहीं, म्हणून प्रथम तिचाच विचार करूं.

तक्रार दोन प्रकारची असते. पहिली घाईची. आजचे बहुतेक लोकप्रिय खेळ डोळ्यांस व बोटांस क्षणाचीहि उसंत देत नाहींत. पानें वाढून आईनें हांक मारली तरी मुलाला उठतां येत नाहीं, कारण तो उठला कीं पडद्यावरचा त्याचा गडी मेला. दुसरी तक्रार पैशाची. खेळ फुकट म्हणून घरांत शिरतो. आणि मग तलवारीला इतके, चिलखताला इतके, उद्यांपर्यंत थांबावयाचें नसेल तर आणखी इतके, अशी मागणी सुरू होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांस संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा करून बंदी घातली, हें योग्यच झालें. परंतु जुगार नसूनहि मुलांच्या अधीरतेवर दुकान चालविणारे खेळ पुष्कळ आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त घरांतच करावा लागतो. नुसतें 'नको' म्हणून तो होत नाहीं. वाईट पुस्तक मुलाच्या हातून सुटावें अशी इच्छा असेल तर चांगलें पुस्तक त्याच्या हातीं द्यावें लागतें. खेळांचेंहि तसेंच आहे.

असा एक चांगला खेळ वीस वर्षांहून अधिक काळ जगांत आहे. त्याचें नांव 'दि बॅटल फॉर वेस्नॉथ', म्हणजे वेस्नॉथची लढाई. तो संगणकावर विनामूल्य मिळतो, जुन्या संगणकावरहि चालतो, एकदां उतरवून घेतला कीं इंटरनेटवांचून खेळतां येतो, आणि खेळतांना कधींहि एक पैसा मागत नाहीं. असें असून पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत, जेथें घरोघर संगणक आहे आणि संगणकावर पोट भरणारींहि माणसें आहेत, तेथें त्याचें नांव आमच्या कानीं क्वचितच येतें. कारण उघड आहे. ज्या वस्तूला विकणारा नाहीं, तिची जाहिरात करणाराहि कोणी नसतो. शिवाय त्याचीं चित्रें लहान व साधीं आहेत. डोळे दिपविणाऱ्या देखाव्यांची संवय झालेला मुलगा पहिल्या पांच मिनिटांत तोंड फिरवितो. या खेळाची गोडी दुसऱ्या तासापासून लागते, आणि तेवढा धीर आज फार थोड्यांपाशीं उरला आहे.

त्याच्या जन्माची हकीगत थोडक्यांत सांगतों. २००३ सालीं डेव्हिड व्हाइट नांवाच्या प्रोग्रामरनें त्याचा आरंभ केला. 'मास्टर ऑफ मॉन्स्टर्स' व 'वॉरसाँग' हे सेगाच्या यंत्रावर चालणारे जुने जपानी खेळ त्याच्या नजरेसमोर होते. लवकरच देशोदेशींचे चित्रकार, संगीतकार, कथालेखक, भाषांतरकार आणि प्रोग्रामर त्याला येऊन मिळाले. २००५ मध्यें पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. २०२४ मध्यें तिची १.१८ या क्रमांकाची सुधारित आवृत्ति आली. हें सारें मुख्यतः हौसेनें आणि विनावेतन झालें. खेळाचा परवाना मुक्त आहे. म्हणजे त्याची आंतील रचना कोणींहि पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, मात्र दुसऱ्यासहि तीच मोकळीक ठेवावी. गांवांतील सप्ताहांत कोणी तांदूळ देतो, कोणी लांकडें फोडतो, कोणी रात्रभर वीणा धरून उभा राहतो आणि पंगतीला मात्र सर्वांनाच पान मांडलें जातें, तशीच ही व्यवस्था.

आतां खेळाकडे वळूं. वेस्नॉथ हें एक कल्पित राज्य आहे. तेथें माणसांखेरीज जंगलांत राहणारे एल्फ आहेत, डोंगरांत खाणी खोदणारे बुटके ड्वार्फ आहेत, पाण्यांत मत्स्यमानव आहेत, ऑर्क नांवाच्या रांगड्या लढवय्या टोळ्या आहेत, आणि मांत्रिकांनीं उठविलेली मृतांची सेना आहे. खेळाबरोबर लहानमोठ्या अनेक कथा येतात. त्यांतील प्रमुख कथेंत कॉनराड नांवाचा एक तरुण राजपुत्र आहे. राजा रणांत विश्वासघातानें मारला गेला. राणी अशेविएर हिनें सिंहासन बळकावून राजवंशांतील मुलांच्या हत्येची आज्ञा दिली. वृद्ध मांत्रिक डेल्फाडोर यानें या बालकास पळवून एल्फांच्या घरीं वाढविलें. आणि आतां राणीची माणसें त्याच्या शोधांत त्या वनापर्यंत येऊन पोहोंचलीं आहेत. कंसाच्या भयानें गोकुळांत वाढलेल्या बाळाची गोष्ट ज्या घरांत दर जन्माष्टमीला सांगितली जाते, तेथें या कथेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाहीं. पुढें त्या कथेला एक विलक्षण वळण आहे, तें येथें सांगून रसभंग करीत नाहीं.

पट षट्कोनी घरांचा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. त्यावर कुरण, जंगल, टेंकडी, डोंगर, नदी, गांव व किल्ला अशा नाना प्रकारच्या जमिनी आहेत. प्रत्येकानें आपल्या पाळीला आपलीं सर्व माणसें हवीं तशीं हलवावीं, लढवावीं, आणि मग पाळी दुसऱ्यास द्यावी. बुद्धिबळांतील घोडा पटाच्या कोणत्याहि घरांत घोडाच असतो. येथें मात्र माणूस कोठें उभा आहे यावर त्याचें बळ ठरतें. साधा भालाईत उघड्या मैदानांत उभा असेल तर त्याच्यावरील वार शंभरांत ६० लागतात. तोच गांवांत किंवा तटाआड असेल तर ४०. डोंगरावरील ड्वार्फाला शंभरांत ३० च लागतात. घोडेस्वार मैदानांत वाऱ्यासारखा धांवतो, पण जंगलांत शिरला कीं अडखळतो आणि वारांस सांपडतो. सारांश, शत्रूला कोठें उभें राहण्यास भाग पाडावें, हा निम्मा खेळ आहे.

दुसरा नियम असा कीं, प्रत्येक सैनिक आपल्या भोंवतालच्या सहा घरांवर वचक ठेवतो. त्या घरांत पाऊल टाकणाऱ्या शत्रूस तेथेंच थांबावें लागतें. त्यामुळें दोन-तीन माणसें नीट अंतरावर उभीं केलीं तर अख्खी खिंड अडते. घोडखिंडीचा प्रसंग शाळेंत पाठ करणारा मुलगा हा नियम पहिल्यांदां वापरतो तेव्हां, थोड्या माणसांनीं मोठी फौज खोळंबविणें म्हणजे प्रत्यक्षांत काय, याची त्याला थोडीशी कल्पना येते.

आम्हांस सर्वांत आवडलेला भाग काळाचा. या पटावर दिवस उगवतो आणि मावळतो. पहांट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचा पहिला प्रहर व दुसरा प्रहर अशा सहा पाळ्यांचें एक अहोरात्र होतें. माणसांचें सैन्य दिवसा चतुर्थांशानें अधिक जोरानें लढतें आणि रात्रीं तितकेंच दुबळें होतें. ऑर्क व मृतसेना यांचें नेमकें उलट. एकाच भालाइताचे तीन वार दुपारीं सारे लागले तर शत्रूचे २७ गुण घटतात. रात्रीं तेच तीन वार १५ वर येतात. म्हणजे दुपारीं जिंकलेली लढाई सांज होतांच हातची जाऊं शकते. शहाणा सेनापति सांजेच्या पाळीला पुढें जात नाहीं; गांवांच्या, डोंगरांच्या आडोशाला माघार घेतो, रात्र काढतो, आणि पहांटे उलटून येतो. महाभारताच्या द्रोणपर्वांत चौदाव्या दिवशींचें युद्ध सूर्यास्तानंतरहि चालू राहतें, आणि रात्र पडतांच घटोत्कचाचें राक्षसी बळ असें वाढतें कीं कौरवसेनेची दाणादाण होते. तेव्हां कर्णानें अर्जुनासाठीं राखून ठेवलेली इंद्राची शक्ति घटोत्कचावर खर्ची पडली. घटोत्कच पडला, पण अर्जुन वांचला. कोणत्या वेळीं कोणाला पुढें करावें, आणि कोणतें अस्त्र कोणासाठीं राखून ठेवावें, हा श्रीकृष्णाचा हिशेब ज्या आजोबांनीं नातवंडांस अनेकदां समजावून सांगितला आहे, ते या पटासमोर बसले तर परके ठरणार नाहींत.

तिसरी गोष्ट खजिन्याची. आणि घरखर्च चालविणाऱ्या गृहिणीस ती ताबडतोब कळेल. गांवें ताब्यांत आलीं कीं दर पाळीला सोनें मिळतें. पण प्रत्येक सैनिकाला त्याच्या पायरीप्रमाणें पगार द्यावा लागतो. एकेक गांव थोड्या माणसांचा भार उचलतें, त्यापलीकडचा खर्च खजिन्यांतून जातो. उत्साहाच्या भरांत वीस सैनिक उभे करणारा मुलगा आठव्या पाळीला रिकाम्या तिजोरीपुढें बसतो. आपली पुंजी किती, मिळकत किती आणि किती तोंडें पोसावयाचीं, हें गणित शिकवणीच्या वर्गाबाहेर इतक्या गोड रीतीनें शिकवणारा खेळ आमच्या पाहण्यांत नाहीं.

या खेळावर जाणत्यांचा एक आक्षेप आहे कीं, त्यांत नशिबाचा भाग फार. वार लागतो कीं चुकतो, हें संगणकांतील अदृश्य फांसा ठरवितो. जादूगाराचा मारा शत्रु कोणत्याहि जमिनीवर असो, शंभरांत ७० वेळां लागतो आणि तो एका झुंजींत तीनदां मारा करतो. तीनहि फुकट जाण्याचा संभव १००० त २७. हा आंकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु एका लांब कथेंत अशा शेंकडों झुंजी होतात, तेव्हां तो प्रसंग आज ना उद्यां येणारच, आणि बहुधा नको तेव्हां येणार. मूल प्रथम रडतें, मग संगणकावर लबाडीचा आरोप करतें, आणि शेवटीं, कोणी शेजारीं बसून समजावलें तर, राखीव माणूस मागें ठेवावयास शिकतें. नशिबाच्या खेळाला हलकें लेखण्याचें आपल्यालाहि कारण नाहीं. ज्या चतुरंगापासून बुद्धिबळ निघालें, त्याचा फांशांवर चौघांनीं खेळावयाचा एक प्रकार भारतांत होता, आणि अल्-बेरुनीनें अकराव्या शतकांतील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे. फांशाशिवायच्या पटावर हुशारी दिसून येते. फांशाच्या पटावर हुशारीला विवेकाची जोड लागते. संसाराचा पट यांपैकीं कोणत्या जातीचा, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां या खेळाचें सर्वांत कठोर अंग. येथें मेलेला सैनिक परत येत नाहीं. लढून लढून सैनिकाचा अनुभव वाढतो. पुरेसा झाला कीं तो वरच्या पायरीवर चढतो, आणि एका प्रसंगांतून दुसऱ्या प्रसंगांत तुमच्याबरोबर येतो. प्रत्येकाला नांव असतें, आणि बहुतेकांना स्वभावाचे दोन विशेष असतात : कोणी चपळ, कोणी बळकट, कोणी चिवट, कोणी बुद्धिमान. सहा प्रसंग बरोबर आलेला धनुर्धारी सातव्या प्रसंगांत आपल्या एका उतावीळ चालीनें मेला, तर पुढील सर्व कथा त्याच्याशिवाय पार पाडावी लागते. संगणकावरील साठविलेला जुना डाव पुन्हां उघडून त्याला जिवंत करतां येतें, हें खरें. आणि मुलें तो मार्ग लवकर शोधून काढतात. पण घरांतील मोठ्यांनीं एकच नियम घालावा : पाळी दिली कीं मागें फिरावयाचें नाहीं. ज्या दुसऱ्या खेळांत मेलेला गडी दोन क्षणांत उठून उभा राहतो, तेथें मरण्याला आणि मारण्याला कांहींच किंमत उरत नाहीं. येथें माणूस पुढें पाठविण्याआधीं मुलगा हात आंखडतो, आणि त्या हात आंखडण्यांतच त्याचें शिक्षण आहे.

सैनिक वरच्या पायरीवर चढतो तेव्हां पुष्कळदां दोन वाटा फुटतात. एल्फांच्या साध्या योद्ध्याचा एक तर वीर करावा, जो स्वतः अधिक जोरानें लढतो. किंवा नायक करावा, जो स्वतः तितका लढत नाहीं, पण त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या धाकट्या पायरीच्या सैनिकांचे वार अधिक जोराचे होतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हा दुसरा प्रकार परिचयाचा आहे. स्वतः कांहींच न करतां केवळ ओसरीवर बसल्यानें घरांतील सर्वांचीं कामें नीट होऊं लागतात, असें एखादें माणूस बहुतेक घरांत असतें, आणि तें गेल्यावरच त्याची किंमत कळते.

याच संदर्भांत एका परिचित कुटुंबाची हकीगत सांगण्याजोगी आहे. तें निगडीकडे राहतें. एका छपराखालीं तीन पिढ्या आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हांपासून भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि आतां चाकण असा हा सारा टापू कारखान्यांच्या भोंग्यावर जगत आला आहे. तेथील घरांचा खरा प्रश्न पगाराचा नसतो, वेळेचा असतो. या घरांतील थोरले बंधु चाकणच्या एका कारखान्यांत पाळीवर जातात, आणि ती पाळी बदलत राहते. धाकट्या सूनबाई हिंजवडीला संगणकाच्या कामावर. परदेशांतील कचेरीच्या वेळा सांभाळतां सांभाळतां त्यांना परतावयास रात्र होते. मुलगा सकाळीं शाळेस जातो तेव्हां वडील झोंपलेले, आणि वडील कामास निघतात तेव्हां मुलगा झोंपलेला. बापलेकांचें संभाषण 'जेवलास का' आणि 'अभ्यास झाला का' एवढ्यावर येऊन ठेपलें होतें. दोघांचेंहि एकमेकांवर प्रेम होतें. परंतु प्रेमालासुद्धां बोलण्यास कांहीं विषय लागतो.

सूनबाईंनीं हा खेळ घरांत आणला. त्यांत एकाच संगणकावर अनेकांनीं आळीपाळीनें खेळण्याची सोय आहे, आणि डाव वाटेल तेथें जपून ठेवतां येतो. त्या घरीं असें ठरलें कीं, दिवसाकाठीं प्रत्येकानें एकच पाळी खेळावी, आणि संगणकाशेजारीं ठेवलेल्या वहींत आपण काय केलें व कां केलें हें दोन ओळींत लिहावें. वडिलांनीं रातपाळीहून आल्यावर चहा घेतां घेतां आपली पाळी खेळावी; मुलानें शाळेंतून आल्यावर ती पाहावी व उत्तर द्यावें. मराठींत एकच शब्द दोन्हीं अर्थीं वापरला जातो, कारखान्याची पाळी आणि पटाची पाळी. या घरांत एकीनें तोडलेलें दुसरीनें जोडलें. पहिल्या महिन्यांतील वही आम्हांस पाहावयास मिळाली. आरंभीं 'उत्तरेकडील गांव घेतलें' इतकेंच. पंधरवड्यानें मुलानें लिहिलें आहे, 'बाबा, तुमचा घोडेस्वार माझ्या भालाइतांवर कां घातलात? भाला आधीं लागतो.' त्याखालीं वडिलांचें उत्तर, 'रात्रभर उभा होतों, डोळ्यांवर झोंप होती. उद्यां सांभाळून खेळतों.' आणि त्याखालीं मुलाच्या अक्षरांत, 'मग आज नका खेळूं. मी थांबतों.'

थांबणें ज्या खेळांत शक्य आहे, तेथेंच हें वाक्य लिहितां येतें. घाईच्या खेळांत दुसऱ्यासाठीं थांबण्याची सोयच नसते.

कांहीं शंकांचें समाधान येथें करणें अवश्य आहे. हा युद्धाचा खेळ आहे, मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? बुद्धिबळ आणि महाभारत ज्या घरांत चालतें, तेथें हाहि चालावा. त्यांत रक्तमांसाचा देखावा नाहीं. पडलेला सैनिक पटावरून विरून जातो. मात्र कांहीं कथांत प्रेतें उठविणाऱ्या मांत्रिकांचें काळेंकुट्ट वातावरण आहे. त्या कथा मोठ्यांनीं आधीं स्वतः पाहाव्या. भाषा इंग्रजी आहे, त्याचें काय? येथें आजीआजोबांची गरज लागते. पडद्यावरील संवाद नातवंडानें वाचावा व अर्थ मराठींत सांगावा. यांत त्याचें इंग्रजी आणि मराठी दोन्हीं सुधारतात. वेळेचें काय? 'आणखी एकच पाळी' हा मोह यांतहि जबर आहे, आणि तो मोठ्यांनाहि आवरत नाहीं. घड्याळ जवळ असावें, आणि वरील घराप्रमाणें पाळ्यांची संख्या आधींच ठरलेली असावी. अनोळखी माणसांशीं इंटरनेटवरून खेळण्याची सोयहि आहे; लहान मुलांना तिची गरज नाहीं.

आरंभ कसा करावा? खेळांतच एक लहानसा पाठ दिलेला आहे, तो प्रथम पुरा करावा. त्यानंतर 'ए टेल ऑफ टू ब्रदर्स' ही चार प्रसंगांची छोटी कथा घ्यावी. तींत एक भाऊ घोडेस्वार व दुसरा जादूगार असून दोघांनीं मिळून आपलें गांव राखावयाचें आहे. मग 'दि साउथ गार्ड'. राजपुत्राची मोठी कथा त्यानंतर. पहिल्या पराभवानें निराश होऊं नये. सांजेच्या पाळीला माघार घेणें ज्या दिवशीं जमेल, त्या दिवशीं खेळ हातीं येईल.

शेवटीं एक सूचना, आणि ती चाकणच्या शेजारीं राहणाऱ्यांस विशेष करून. या खेळाबरोबर नकाशे आंखण्याचें साधन मिळतें, आणि नवीन प्रसंग साध्या अक्षरांच्या फाइलींत लिहितां येतात. जगांतील पुष्कळ हौशी लोकांनीं असे प्रसंग रचले आहेत. आपल्या पुराणांवरून व्हिडिओ गेम होऊं शकतो, हें पुण्याच्या नोडिंग हेड्स या मंडळींनीं २०२० मध्यें 'राजी' हा खेळ काढून दाखविलें आहे. तो हातघाईच्या जातीचा आहे, पण वाट उघडी झाली. मग पटाच्या जातीचा एखादा प्रसंग आपल्या मुलांनीं कां लिहूं नये? विषय दाराशीं आहे. जून १६६० मध्यें शाहिस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाहीं. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्याजवळ कांहीं शें माणसें, आणि बाहेर प्रचंड मोगल फौज. शिवाजीमहाराज त्या वेळीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत. मदतीची आशा नाहीं. एवढ्यावर पावसाळ्यांत सुमारें दोन महिने किल्ला लढला, आणि अखेर ऑगस्टमध्यें बुरुजाखालीं सुरुंग उडाल्यावरच पडला.

हा प्रसंग मांडावयाचा म्हणजे मुलांना आधीं पुष्कळ विचारावें लागेल. खंदक कोठें होता? बुरुज किती होते? तट कोठें दुबळा होता? खजिना किती, आणि धान्य किती दिवसांचें? यासाठीं पुस्तकें उघडावीं लागतील, आणि एखाद्या रविवारीं कारखान्यांच्या गर्दींतून वाट काढून त्या किल्ल्याचे उरलेले अवशेष पाहून यावे लागतील. पुढें त्या पटावर विजयाची अट काय ठेवावी, हा प्रश्न येईल. आणि मुलांत त्यावरून वाद होईल. शत्रूचा नाश ही अट ठेवली तर प्रसंग अशक्य ठरेल, कारण किल्ला पडला हें सत्य आहे. परंतु 'अमुक पाळ्यांपर्यंत टिकून राहणें' अशीहि अट या खेळांत घालतां येते. फिरंगोजींच्या लढाईचें माप कोणत्या अटीनें घ्यावें, हें मुलांनीं आपसांत ठरवावें. ज्या घरांत असा नकाशा तयार होईल, त्यांनीं तो आम्हांस अवश्य कळवावा. या सदरांत त्याचा परामर्श घेण्यांत आम्हांस आनंद वाटेल.